माझ्या नावाचं लॉगिन

रिलेशनल डेटाबेस म्हणजे नातेवाइकांची माहिती ठेवायचं काहीतरी यंत्र असावं, असं माझ्या सासूबाईंना बरीच वर्षं वाटत होतं. लग्नाकार्यात कुणी विचारलं की "सून कंपनीत नात्यागोत्याचं बघते" असं त्या ठसक्यात सांगायच्या. मी बाजूला उभी राहून हसायचे. आता हसू येत नाही, कारण शेवटी मला बुडवलं ते नात्यागोत्यानंच.

आमच्या चाकणच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. कच्चा माल गेटातून आत आला, तपासला गेला, मशीनवर चढला, डब्यात भरला, ट्रकमध्ये लादला, की प्रत्येक वेळी कुठल्या तरी संगणकावर त्याची नोंद होते. त्या सगळ्या नोंदी जिथे राहतात तो डेटाबेस मी सांभाळायचे. त्यात एक शिस्त असते आणि मला ती फार आवडायची: प्रत्येक ओळीला स्वतःची एक ओळख हवी, दोघांची ओळख एक असून चालत नाही. माणसांच्या बाबतीत एवढं जरी पाळलं असतं, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

डेटाबेस जुना झाला होता. ज्यांनी तो बनवला त्यांनी त्या आवृत्तीची देखभाल कधीच बंद केली होती, आणि हेड ऑफिसला एक दिवस अचानक त्याची आठवण झाली. अपग्रेड करायचं ठरलं. तयारी माझ्याकडे आली. साहेब, म्हणजे आमच्या प्लांटच्या सिस्टिम विभागाचे प्रमुख, मला म्हणाले की हे नीट पार पडलं की कंपनीच्या दोन्ही प्लांटची सिस्टिम तुमच्याकडे देऊ. हे मला हवं होतं. परभणीकडून येऊन चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेल्या माणसाची मी मुलगी, डिप्लोमा करून इथवर आलेली. हवं होतं असं म्हणायला आमच्या घरातल्या बायका लाजतात, मी लाजत नाही.

अपग्रेड म्हणजे एक बटण दाबलं की झालं, असं ज्यांनी कधी केलं नाही त्यांना वाटतं. लग्न एका दिवसाचं असतं, पण घरच्यांची कंबर मोडते ती आधीच. नव्या सर्व्हरवर जागा पुरेल का, मेमरी पुरेल का, जुने रिपोर्ट नव्यावर चालतील का, हे सगळं आधी बघायचं. बॅकअप घ्यायचा, आणि नुसता घ्यायचा नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचा. आमच्याकडे बॅकअप रोज निघत होता आणि उघडून मात्र कुणीच पाहिला नव्हता. मी पाहिला तर निम्मे अर्धवट निघाले. ते दुरुस्त केले. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अडलं असतं तर सगळे धावत आले असते.

हेड ऑफिसनं अपग्रेडसाठी रविवार ठरवला. त्यांच्या मते रविवारी कारखाना बंद असतो. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, विजेच्या वेळापत्रकावरून पडलेली जुनी पद्धत आहे, आणि इथल्या मुलांना शाळा रविवारी बंद आणि बाप गुरुवारी घरी याची सवय असते. मी मेल केला. त्यांचं उत्तर आलं की वीकेंडच योग्य राहील. मी पुन्हा मेल केला. साहेबांनी शेवटी हसत सांगितलं, "कळवा त्यांना, आमचा रविवार गुरुवारी असतो." त्यावर गुरुवार ठरला. ते एक वाक्य सोडलं तर त्या सगळ्या कामात साहेबांचा हात कुठे लागला, मला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट. डेटाबेसमध्ये शिरायला लॉगिन लागतं आणि प्रत्येक लॉगिनचा परवाना विकत घ्यावा लागतो, माणशी एक. हा प्लांट सुरू झाला तेव्हा कंपनीनं मोजकेच परवाने घेतले होते. खर्च वाचवला म्हणून साहेबांची वाहवाही झाली होती. मग लाइन वाढली, शिफ्ट वाढल्या, माणसं वाढली. एक दिवस क्वालिटीचे सुपरवायझर माझ्या टेबलाशी आले. मी त्यांना दादा म्हणायचे. ते चाकणजवळच्याच गावातले, जुन्या घरातले. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, आणि आमच्या कारखान्याची मागची भिंत जिथे आहे तिथे त्यांचा कांदा व्हायचा. त्यांना माल पास करायला लॉगिन हवं होतं आणि परवाना शिल्लक नव्हता. साहेब तिथेच खुर्ची ओढून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"द्या हो तुमचंच," साहेब म्हणाले. "घरचीच माणसं आहेत."

मी म्हटलं, साहेब, लेखी द्याल का. ते हसले, दादाही हसले. घरच्या माणसांत लेखी मागणारी बाई म्हणजे काय, हे त्या हसण्यात होतं. मी पासवर्ड दिला.

पासवर्ड म्हणजे माझं लाडाचं नाव होतं. वडील मला त्या नावानं हाक मारायचे, दुसरं कुणी नाही. ते गेल्यावर ते नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही, म्हणून मी ते तिथे ठेवलं होतं. रोज सकाळी एकदा टाइप करायचं, तेवढंच. दादांकडून ते स्टोअरमध्ये गेलं, स्टोअरमधून डिस्पॅचला, डिस्पॅचमधून कॅन्टीनच्या कूपनवाल्याकडे. नवा माणूस आला की लांबून ओरडून विचारायचा, पासवर्ड काय रे, आणि प्रेसच्या धडधडीतून कुणीतरी तितक्याच जोरात माझं नाव ओरडायचं. मशीनला जोडलेल्या संगणकांतही तेच घालून ठेवलं गेलं, म्हणजे बदलायची सोय उरली नाही. बदललं तर सगळ्या जोडण्या तुटणार. मी साहेबांना बऱ्याचदा म्हटलं की नवे परवाने घेऊ. ते म्हणायचे, पुढच्या बजेटला बघू. पुढचं बजेट आमच्या कंपनीत कधीच आलेलं नाही.

हेड ऑफिसनं तयारी तपासायला एक सल्लागार पाठवला. हुशार होता, हिंदीत बोलायचा, दिवसाला चार वेळा चहा घ्यायचा. अपग्रेडच्या आधी परवान्यांची तपासणी करावी लागते, नाहीतर बनवणारी कंपनी नवी आवृत्ती देत नाही. त्यानं आपला प्रोग्रॅम चालवला. कोण कधी आत आलं, कुठून आलं, सगळं पडद्यावर आलं. मी तिन्ही शिफ्टमध्ये कामाला होते. मी एकाच वेळी स्टोअरमध्ये, डिस्पॅचला आणि पेंटशॉपमध्ये होते. दिवाळीत होते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी घाटावर होते, त्या सकाळी मी इथे माल पास करत होते.

"मॅडम, आप सोती कब हैं?" सल्लागारानं विचारलं. मला हसू आलं. साहेब मागे उभे होते, त्यांना आलं नाही.

दोन दिवसांत हेड ऑफिसचा मेल आला: परवान्याच्या अटींचा भंग झाला आहे, जबाबदार कोण? त्या मेलपासून साहेबांचं माझ्याकडे बघणंच बदललं. आधी ते माझ्या टेबलावरचा फुटाण्याचा डबा उघडून फुटाणे तोंडात टाकायचे, आता केबिनच्या काचेतून निरोप पाठवायला लागले. मग एक पत्र आलं. मी माझा पासवर्ड स्वतःच्या मर्जीनं इतरांना दिला, कंपनीला याची कल्पना नव्हती, पासवर्ड ही गोपनीय बाब आहे आणि कोणत्याही कारणास्तव कुणालाही सांगू नये याची मला समज देण्यात येत आहे. खाली माझी सही हवी होती. सही केली की प्रकरण मिटेल, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. ते महत्त्वाचं सगळं तोंडीच सांगतात.

घरी रहाटणीला आल्यावर मी पत्र नवऱ्याला दाखवलं. तो भोसरीत टूलरूमला आहे. त्यानं वाचलं, घडी केली आणि म्हणाला, करून टाक सही, असल्या सह्या आम्ही महिन्याला करतो. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. त्याचं चुकलं असं नाही, पण मला त्या क्षणी हुशार नवरा नको होता, चिडलेला हवा होता.

मी सही केली नाही. मी उत्तर दिलं की पासवर्ड साहेबांच्या सांगण्यावरून दिला आणि त्या वेळी क्वालिटीचे सुपरवायझर हजर होते. मग चौकशी लागली. आता सगळं दादांवर आलं. ते एवढंच म्हणाले असते की होय, साहेब बोलले होते, तर मी सुटले असते, आणि दोन्ही प्लांटची सिस्टिमही माझ्याकडे आली असती. मला काळजी वाटत नव्हती हे खरं सांगते. दादांना माऊस धरायला मी शिकवलं होतं. त्यांच्या उरलेल्या तुकड्यातली मेथी, कोथिंबीर माझ्याकडे यायची, राखीपौर्णिमेला मी त्यांना राखी बांधायचे. ते मला ताई म्हणायचे आणि बाकी कंपनीला "ही बाहेरची मंडळी" म्हणायचे. मी त्या बाहेरच्यांतली नाही, अशी माझी समजूत होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, दादा, जे झालं तेवढंच सांगा. ते म्हणाले, "ताई, आमी खोटं बोलनारी मानसं न्हाई." मी निर्धास्त झाले.

मीटिंगच्या खोलीत हेड ऑफिसच्या एचआरच्या बाई होत्या, साहेब होते, मी होते. दादा आत आले, टोपी हातात घेऊन खुर्चीच्या टोकावर बसले. बाईंनी विचारलं, मॅडमनी तुम्हाला त्यांचा पासवर्ड दिला का?

"व्हय. दिला."

"त्यांनी स्वतः दिला?"

"त्येंनीच दिला."

मी म्हटलं, त्यांना हेही विचारा की साहेब काय बोलले. बाईंनी विचारलं. दादांनी एसीकडे पाहिलं, मग आपल्या टोपीकडे. साहेब पेनचं टोपण काढत होते, लावत होते. दादा म्हणाले, "आता लई दिस झालं. त्ये काय मला आठवत न्हाई."

त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पासवर्ड मीच दिला होता, आणि न आठवणं हा काही गुन्हा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. संन्याशाच्या बाजूनं ती कशी वाटते हे तिथे कळलं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो दादांच्या टोपीचा आला, ती इतकी स्वच्छ धुतलेली होती म्हणून.

बाहेर जिन्यात ते माझी वाट बघत थांबले होते. मी निघून जायला हवं होतं, पण थांबले. ते हळू आवाजात म्हणाले, "थोरल्या पोराला हितं पर्मनंट करनारेत. साह्यबांनी शब्द दिलाय. ताई, तुमी शिकलेल्या, तुमाला कुटंबी नोकरी मिळंल. आमची जमीन हितंच गेली, आमी कुटं जानार?"

त्यांच्या जमिनीवर माझं टेबल होतं, हे खरं. पण ती मी घेतली नव्हती. ज्यांनी घेतली त्यांच्यासमोर त्यांची मान खाली आणि माझ्यासमोर त्यांचा हिशोब चोख, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मी म्हटलं, साहेबांनी शब्द लेखी दिलाय का? त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मी जिना उतरले.

ताकीद मिळाली. अपग्रेडमधून मला काढलं आणि गेटावरच्या वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. तिथे ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो, आपण आकडा वाचून नोंद करायची. खिडकीतून तळेगाव चौकाकडची रांग दिसते आणि दिवसभर डिझेलचा वास येतो. ड्रायव्हर मला भाभीजी म्हणतात. तयारीची माझी सगळी कागदपत्रं, सर्व्हरच्या किल्ल्या, बॅकअपची जागा, मी सल्लागाराकडे रीतसर सोपवली. तो ओशाळला होता, एवढं मात्र सांगायला हवं. माझ्या लॉगिनचा पासवर्ड तेवढा मी दिला नाही. पासवर्ड कुणालाही सांगू नये, अशी मला नुकतीच लेखी समज मिळाली होती. त्यानंही मागितला नाही, बहुतेक त्याला गरज लागेल असं वाटलं नसावं. तयारीच्या कागदात मी स्पष्ट लिहिलं होतं की जुन्या डेटाबेसमधली निम्मी कामं त्या लॉगिनच्या नावावर चालतात आणि ती नव्यात न्यायच्या वेळी तो पासवर्ड लागेल. कागद वाचायची पद्धत आमच्याकडे नाही.

अपग्रेडचा गुरुवार आला. मला सुट्टी होती. मी पिंपळे गुरवला बहिणीकडे जाणार होते, निघायच्या बेतात असताना फोन वाजला. साहेब होते. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ होता. कशा आहात, मुलं कशी आहेत, वजनकाट्याचं आपण बघू काहीतरी. मग म्हणाले, एक छोटीशी अडचण आलीय. इन्स्टॉलेशन एका ठिकाणी थांबलंय, तुमच्या लॉगिनचा पासवर्ड मागतंय.

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"सांगता ना?" ते म्हणाले. "फोनवर सांगितला तरी चालेल."

किती दिवस मी या वाक्याची वाट बघत होते हे मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "साहेब, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, असं तुम्ही मला पत्र दिलंय. तुम्हाला हवा असेल तर तसं लेखी पाठवा. मी लगेच सांगते." साहेब मग म्हणाले, असं करू नका, सगळा प्लांट अडकलाय, उद्या पहिल्या शिफ्टला लाइन सुरू झाली नाही तर काय होईल तुम्हाला माहितीय. मी म्हटलं, माहितीय, म्हणून तर म्हणते, लवकर पाठवा. आणि फोन ठेवला.

मला इतका आनंद झाला होता की मी बहिणीकडे जायचं रद्द केलं आणि घरीच बसले, मेल येईल म्हणून. नवऱ्याला सांगितलं तर तो खुर्चीतून उठून हसला, आणि त्या पत्राच्या रात्रीपासूनचा माझा राग तिथेच गेला. सासूबाईंना शिरा करायला लावला. एका ओळीचा मेल हवा होता मला, अमुक एक पासवर्ड कळवावा, खाली साहेबांचं नाव. तो पुरेसा होता. तो घेऊन मी परत हेड ऑफिसच्या बाईंकडे जाणार होते. कंपनी माझ्यावाचून अडली होती आणि वाट बघायची पाळी त्यांची होती. दुपार झाली, चहाची वेळ झाली. मेल आला नाही. साहेब अहंकारी आहेत, अंधार पडेपर्यंत ताणतील, असं मी नवऱ्याला म्हटलं.

शुक्रवारी मी बसमधून उतरले तर गेटावर नेहमीसारखे ट्रक लागलेले, आतून प्रेसचा आवाज येत होता. काट्याच्या खोलीतल्या संगणकावर नवा पडदा होता, निळा, सुंदर. सगळं चालू होतं. मला समजेना. मला वाटलं, सल्लागारानं काहीतरी दुसरा मार्ग काढला असेल.

मग दादा आले. चौकशीनंतर ते पहिल्यांदाच माझ्यासमोर येत होते. त्यांनी खिडकीत मेथीची जुडी ठेवली, पहिल्यासारखी. म्हणाले की काल त्यांना साहेबांनी घरून बोलावून घेतलं होतं, नव्या पडद्यावर माल पास होतो का ते बघायला. सगळे डोक्याला हात लावून बसले होते, पासवर्ड पासवर्ड करत.

"म्या म्हनलं, त्यात काय, आमाला सगळ्यांलाच म्हाईत हाय," दादा म्हणाले. "म्हनलं, सुट्टीच्या दिवशी ताईला कशाला तरास द्यायचा. मीच सांगितला."

ते खरोखर माझ्यावर उपकार केल्यासारखे बघत होते. मागे ट्रकनं हॉर्न दिला. मी काट्यावरचा आकडा वाचला आणि नोंद केली.